पंचवीसचे बावन्न का होतात?

मिरजेहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या घरीच ब्लाउज शिवतात, फॉल-पिकोचं काम करतात. मोठा मुलगा सात वर्षांचा, मराठी शाळेत दुसरीत. धाकटी दीड वर्षाची. त्या लिहितात:

‘ताई, माझा मुलगा एक ते शंभर घडाघडा म्हणतो. पण पंचवीस लिही म्हटलं की ५२ लिहितो. एकोणतीस सांगितलं की ३९. तीस अधिक वीस करायला सांगितलं तर पाटीवर आधी तीस रेघा मारतो, मग वीस मारतो आणि पहिल्यापासून सगळ्या मोजत बसतो. कधी एकोणपन्नास येतात, कधी एक्कावन्न. चौतीसमध्ये दहा मिळवायचे तरी दहा बोटं एकेक करून मोजतो. यांचं म्हणणं तो ढ आहे. शेजारचा मुलगा इंग्रजी शाळेत जातो, तो पटापट उत्तरं देतो. सासूबाई म्हणतात, पाढे पाठ करून घे, सगळं आपोआप येईल. अबॅकसचा क्लास लावू का? की शाळाच बदलू? मशीनवर बसल्या बसल्या हेच डोक्यात फिरत असतं.’

ताई, सगळ्यात आधी तो ‘ढ’ शब्द घरातून काढा. त्यांना राग येईल असं नको, पण रात्री मुलं झोपल्यावर शांतपणे सांगा की हा शब्द आपल्या घरात पुन्हा नको. सात वर्षांचं मूल बापाचा शब्द खरा मानतं. एकदा त्याने तो खरा मानला की पुढचं कुठलंच गणित तो मनापासून करणार नाही.

आता त्याच्या चुकांकडे बघू. मी त्या दोनतीनदा वाचल्या आणि मला त्यात नीट ऐकणारं मूल दिसलं. ‘पंचवीस’ म्हणताना आधी काय ऐकू येतं? पंच. मागून वीस. त्याने आधी पाच लिहिला, मग दोन. ऐकलं तसं लिहिलं! ‘एकोणतीस’मध्ये ठसठशीत ऐकू येतं ते तीस, म्हणून तीन लिहिला, आणि शेवटी नऊ असतात एवढं त्याला आठवत होतं. झाले ३९. ‘एकोण’ म्हणजे एकने कमी, हे त्याला कोणी उलगडून दाखवलं असेल असं वाटत नाही. आपल्यालाही कुठे कोणी दाखवलं होतं? आपण ते पाठ करून पार पडलो.

आपल्या मराठीतली संख्यांची नावं लहान मुलाला खरंच जड जातात. दोनचंच बघा: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. यात ‘दोन’ हा शब्द एकदाही नाही. बा, ब, बे, पुन्हा बा, मग ब्या. दशकांचंही तेच. पन्नासचे ‘वन्न’ होतात नाही तर ‘पन्न’, साठचे ‘सष्ट’, सत्तरचे ‘हत्तर’. बाहत्तर ऐकून त्यात सात दशक आणि दोन सुटे आहेत हे मुलाने कशावरून ओळखायचं? तुमच्या मिरजेत कानडी बोलणारी माणसं पुष्कळ. एखाद्या शेजारणीला पंचवीसला काय म्हणता विचारा. त्या सांगतील, ‘इप्पत्तैदु’. इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. आधी वीस, मग पाच, लिहायचं त्याच क्रमाने. इंग्रजीतही वीसच्या पुढे तसंच. शेजारचा मुलगा ‘ट्वेंटी फाइव्ह’ ऐकून आधी दोन लिहितो आणि मग पाच, यात त्याची हुशारी असेलही, पण बरंचसं काम त्या शब्दानेच करून दिलेलं असतं. म्हणून एवढ्यासाठी शाळा बदलू नका. घरात, अंगणात, आजीच्या मांडीवर ज्या भाषेत तो विचार करतो ती भाषा सोडायला लावून त्याचं गणित सुधारणार नाही. नावांचा गुंता घरीच सोडवता येतो.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकावरून राज्यभर केवढं वादंग झालं. एकवीसला ‘वीस एक’, त्रेसष्टला ‘साठ तीन’ असं वाचायची पद्धत त्या पुस्तकात जुन्या नावांच्या जोडीला दिली होती. मराठी भाषा बुडाली, अशी ओरड झाली. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष तेव्हा मंगला नारळीकर होत्या, स्वतः गणितज्ञ. जोडाक्षरांनी भरलेल्या या नावांपाशी लहान मुलं अडतात आणि गणिताला घाबरतात, एवढंच त्या कळकळीने सांगत होत्या. जुनी नावं काढून टाकलेली नव्हतीच. माझं मत तेव्हाही त्यांच्या बाजूने होतं, आजही आहे. घरी तुम्ही दोन्ही नावं एका दमात म्हणा: ‘वीस पाच, पंचवीस.’ ‘चाळीस सात, सत्तेचाळीस.’ पहिलं नाव समजायला, दुसरं व्यवहाराला. वर्षभरात पहिलं आपोआप गळून पडतं.

पण नाव सुटसुटीत केलं म्हणून दहा समजले असं होत नाही. खरी अडचण त्या रेघांमध्ये आहे. तुमच्या मुलासाठी पन्नास म्हणजे पन्नास सुट्या रेघा. त्याच्या मनात अजून ‘दहा’ नावाची एक अखंड वस्तू तयार झालेली नाही. आपण मोठी माणसं विसरतो, पण हे खरंच अवघड आहे: दहा ही एकाच वेळी दहा गोष्टी असतात आणि एक गोष्टही असते. माझ्या वर्गात एक मुलगी होती. काड्यांचे दहादहाचे गठ्ठे रबर लावून ठेवलेले असायचे. मी तिला म्हटलं, तेरा काड्या दे. तिने गठ्ठा उचलला, रबर काढलं, एकेक काडी मोजली, दहा झाल्या, मग सुट्यांतल्या तीन घेतल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी आधी सांगत राहिले, ‘अगं, दहाच आहेत त्यात.’ तिला ते पटत नव्हतं, आणि का पटावं? गठ्ठा मी बांधलेला होता! मग मी सगळे गठ्ठे सोडले आणि तिलाच बांधायला दिले. चौथ्या-पाचव्या दिवशी तेवीस मागितल्या तेव्हा तिने दोन गठ्ठे न सोडता उचलले, तीन काड्या वर ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं. तोंडाने काही बोलली नाही. मी तो चेहरा विसरलेले नाही.

म्हणून ताई, तुमच्या घरात जे आहे त्यातूनच सुरुवात करा. तुमच्याकडे बटणं आहेत. मोठी, चार भोकांची घ्या. धाकटी दीड वर्षाची आहे, तेव्हा हा खेळ ती झोपल्यावरच, आणि डबा उंचावर. मूठभर बटणं त्याच्यापुढे ओता आणि विचारा, किती असतील? काहीही सांगू दे. मग मोजू दे. मध्येच तुम्ही काहीतरी विचारा, म्हणजे मोजणी चुकेल आणि त्याला पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागेल. हे एकदाच करायचं, त्याला रडवायचं नाही. त्याला स्वतःलाच वाटलं पाहिजे की असं मोजणं त्रासाचं आहे. तेव्हा गोधडीचा जाड दोरा द्या आणि सांगा, दहा झाली की ओवून गाठ मार. त्यानेच मोजायची, त्यानेच ओवायची. गाठीचं शेवटचं टोक तुम्ही बांधून द्या हवं तर. दोऱ्यात थोडी जागा सैल ठेवा, म्हणजे शंका आली की बोटाने बटणं सरकवून पुन्हा मोजता येतील. शंका येऊ द्या, मोजू द्या, कितीही वेळा. भिंतीवर एक खिळा ठेवा आणि झालेल्या माळा तिथे टांगा. रोज दोन माळा पुरेत.

चार माळा आणि सात सुटी बटणं झाली की विचारा, किती झाली? माळांवरून बोट फिरवत: दहा, वीस, तीस, चाळीस. मग सुटी: एक्केचाळीस, बेचाळीस… इथेच त्याला पहिल्यांदा कळेल की दहादहाने मोजणं हे पाठांतर नाही, माळा मोजणं आहे.

मारिया माँटेसरींच्या साहित्यात हेच आहे, सोनेरी मण्यांचं: एक सुटा मणी, तारेत ओवलेली दहाची कांडी, अशा दहा कांड्यांचा शंभरचा चौकोन, दहा चौकोनांचा हजारचा ठोकळा. विकत घ्यायचं तर महाग पडतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर काम केलं, तेव्हा पानं, बिया, खडे, शिंपले अशा भोवतालच्याच वस्तूंमधून साहित्य उभं केलं. तुमच्या बटणांच्या माळांना तीच परंपरा आहे. मुलाच्या शाळेत गणित पेटी असेल तर त्यात दोन रंगांच्या दहादहा मण्यांची शंभरची माळ असते. बाईंना विचारून बघा.

लिहिण्याचा गोंधळ वेगळा सोडवायचा. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद चांगला. लांब पट्ट्यांवर १०, २०, ३० असं ९०पर्यंत लिहा. निम्म्या लांबीच्या पट्ट्यांवर १ ते ९. चाळीस सात करायचे तर ४०ची पट्टी खाली, ७ची पट्टी बरोबर शून्यावर ठेवायची. दिसतात ४७. ही पट्टी उचलली की खाली शून्य लपलेला सापडतो, मुलांना त्याची फार मौज वाटते. हे अशासाठी सांगते की ‘वीस पाच’ म्हणायला लागल्यावर काही मुलं २०५ लिहितात. वीस लिहिले, पुढे पाच लिहिले, त्यांच्या परीने बरोबरच! रागावू नका, पट्ट्या पुढे करा. शून्याच्या जागी पाच बसतो हे सांगून कळत नाही, ठेवून कळतं.

एकोणतीससाठी दोन पूर्ण माळा घ्या आणि तिसरीत नऊच बटणं ओवा. विचारा, तीस व्हायला किती कमी? एक. म्हणून ‘एक-उणे-तीस’, एकोणतीस. हा खुलासा एकदा झाला की एकोणचाळीस, एकोणपन्नास सगळीच उलगडतात, पार एकोणनव्वदपर्यंत. नव्व्याण्णव तेवढे या रांगेत बसत नाहीत, ते वेगळे पाठ करायचे.

आता बेरीज. तीस अधिक वीस म्हणजे तीन माळा आणि दोन माळा. यात पाटी-पेन्सिल आणूच नका. ‘तीन माळा आणि दोन माळा किती माळा? पाच. पाच माळा म्हणजे?’ पन्नास. हे त्याला दोन दिवसांत येईल. त्याच्या पुढची पायरी चौतीस अधिक दहा. तीन माळा, चार सुटी. वर एक माळ ठेवली. सुट्यांना कोणी हात लावला का? नाही. मग ते चारच राहिले. हा प्रश्न दर वेळी विचारा, ‘सुट्यांना हात लावला का?’ दहा मिळवताना सुटे बदलत नाहीत, हे त्याने आपल्या तोंडाने तुम्हाला सांगेपर्यंत पुढे जाऊ नका.

आणि तुमच्या गळ्यातली टेप! शिवणकामाची टेप हे दहा शिकवायचं फार सुंदर साधन आहे, शाळेत मला असं मिळालं असतं तर किती बरं झालं असतं. इंचांची बाजू खाली करा, सेंटीमीटरची वर. कॅनव्हासच्या तुकड्यातून बरोबर दहा सेंटीमीटरची पट्टी कापून त्याला द्या, ही त्याची ‘दहाची उडी’. टेप टेबलावर सरळ पसरा, ३४वर कपड्याचा चिमटा लावा. पट्टीचं एक टोक ३४वर ठेवलं की दुसरं कुठे आलं? ४४वर. पुन्हा ठेव. ५४. मग ६४. तो आकडे मोठ्याने वाचू दे. त्याच्या लक्षात येईल की शेवटचा ४ कधीच हलत नाही, पुढचा आकडा मात्र एकेकाने वाढतो. उलट्या दिशेने उड्या मारल्या की दहाने वजाबाकी.

इथे आपल्या मराठीची जी अडचण होती तीच सोय होते. सातपासून दहादहाच्या उड्या मारत म्हणा: सात, सतरा, सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्याहत्तर, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव. सगळ्यांच्या तोंडी ‘स’ ऐकू येतो. सुटे बदलत नाहीत हे आपल्या भाषेत कानाला कळतं, कारण सुटे आधी बोलले जातात. टेपवर बोट ठेवून हे म्हणायला त्याला आवडेल, त्याला तर एक ते शंभर म्हणायची हौस आहेच. त्या पाठांतराला असा अर्थ मिळू दे. ते वाया गेलेलं नाही.

टेपचा आणखी एक फायदा: ती शंभरला संपत नाही, दीडशेपर्यंत जाते. दहादहाने मोजणारी बहुतेक मुलं ‘ऐंशी, नव्वद, शंभर’ म्हणतात आणि पुढे सरळ ‘दोनशे’. टेपवर शंभरनंतर उडी ठेवली की ११० दिसतात, मग १२०. तेव्हा खिळ्यावरच्या दहा माळा एकत्र बांधून मोठा झुबका करा, तो शंभर, आणि अकरावी माळ वेगळी. लहान मुलांना वाचन आणि गणित पक्कं यावं यासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेत दुसरीअखेर ९९९पर्यंतच्या संख्या याव्यात असं धरलेलं आहे. दहाची माळ आणि शंभरचा झुबका डोळ्यांपुढे असला की तिथवर जाणं अवघड नाही. नसला तर तेवढ्या संख्या पाठ करणं कोणाच्याही आवाक्याबाहेरचं आहे.

पैसे त्यानंतर. बरेच जण पैशांपासून सुरुवात करतात, मी करत नाही. दहाच्या नोटेत दहा रुपये दिसत नाहीत, ती सोडून मोजता येत नाही. माळ सोडता येते. पण माळा पक्क्या झाल्या की गिऱ्हाइकाने दिलेल्या दहाच्या नोटा त्याला मोजायला द्या. फॉल-पिकोचे सत्तर झाले आणि बाईंनी शंभर दिले, तर परत किती? सात माळांच्या पुढे दहा माळांपर्यंत किती माळा लागतील, असं त्याला सुचलं तर सुचलं. नाही सुचलं तर त्या बाईंसमोर त्याला अडवू नका, नंतर माळा काढून बघा.

३८ अधिक २५ची घाई करू नका. शाळेत आलंच तर माळांवरच करा: आठ सुटी आणि पाच सुटी मिळून तेरा, त्यातली दहा ओवून नवी माळ. ती नवी माळ त्याच्या हातात द्या आणि सांगा, हाच ‘हातचा’. किती मुलं वर्षानुवर्षं तो एक डोक्यावर लिहितात आणि तो कसला एक आहे हे त्यांना माहीत नसतं. तुमच्या मुलाने तो हातात धरलेला असेल. या बेरजेआधी दहाच्या जोड्या मात्र पक्क्या हव्यात: सात-तीन, सहा-चार, आठ-दोन. दहा बोटांवर हे छान होतं. तुम्ही सात बोटं दाखवा, त्याने मिटलेली किती ते सांगायचं. पोळ्या करता करताही होईल.

सासूबाईंचं अगदीच चुकत नाही. पाढे लागतातच, आणि दहाचा पाढा माळा मोजता मोजता झालाच आहे. त्यांना उलट या खेळात घ्या. जुनी माणसं विसांत मोजायची, ‘पाच विसा शंभर’. तसं त्यांना येत असेल तर नातवाला दोन-दोन माळा उचलून दाखवू दे. आजीकडून आलेली गोष्ट मुलं विसरत नाहीत.

अबॅकसचा क्लास आत्ता नको, असं मी स्पष्ट सांगते. तिथे मणी झरझर हलवायला शिकवतात, पण वरचा मणी म्हणजे नक्की किती आणि का, ही समज आधी हवी. ती फी वाचवा. तुमच्याकडचा वेळच जास्त उपयोगाचा आहे, आणि तोही दिवसाला पंधरा मिनिटं. रात्री उशिरा, दिवसभराचं काम संपवून तुम्ही दमलेल्या असताना बसू नका. तो शाळेतून येऊन खाऊन झाल्यावर, हातातलं ब्लाउज बाजूला ठेवून बसा. तो कंटाळला की उठू द्या, अर्धी राहिलेली माळ उद्या पूर्ण होईल. आणि यांनाही एक दिवस माळ ओवायला बसवा. मुलगा त्यांना शिकवू दे.

महिनाभराने त्याला सहज विचारा, तीस अधिक वीस किती? उत्तराकडे लक्ष देऊ नका, त्याच्या डोळ्यांकडे बघा. पाटीकडे गेले तर आणखी थोडे दिवस माळा. खिळ्याकडे गेले तर मला चार ओळींचं पत्र टाका.